माळ्यावरचा पितळी स्टोव्ह पुन्हा पेटवण्यापूर्वी

आपला प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आजीचा पंपाचा पितळी स्टोव्ह सांगलीच्या जुन्या घरात माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे पडून होता आणि घर रिकामे करताना तो आपल्याकडे आला. पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नाही. एकदा कसाबसा पेटवला तेव्हा पिवळ्या ज्वाळा उठल्या आणि भांड्याला काजळी धरली. पितळ काळेहिरवे पडले आहे. दिवाळीच्या फराळाचा निदान एक घाणा त्याच्यावर तळावा अशी आपली इच्छा आहे, मात्र आईंचा त्याला ठाम विरोध आहे. पितळ कशाने उजळेल, सुटे भाग कोठे मिळतील आणि स्टोव्ह वापरणे सुरक्षित आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी गेली बरीच वर्षे जुने स्टोव्ह, कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पितळ उजळण्याबद्दल प्रथम विचारतो, आणि मी ते काम अगदी शेवटी करतो. आपल्या तीन प्रश्नांच्या आधीचा प्रश्न असा आहे की, ही टाकी आजही दाबाखाली हवा धरून ठेवण्याच्या लायकीची आहे का? त्याचे उत्तर नकारार्थी आले, तर बाकीची सारी खटपट शोभेच्या वस्तूसाठी ठरते. तसे करण्यासही हरकत नाही, पण मग पंप आणि बर्नरवर पैसे घालवू नयेत. होकारार्थी आले, तर उरलेले सर्व दोष दुरुस्त होणारे आहेत, आणि आपण सांगितलेली लक्षणे तर अगदी नेहमीची आहेत.

हा स्टोव्ह चालतो कसा, हे लक्षात घेतले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी 1892 च्या सुमारास ही रचना बाजारात आणली आणि प्राइमस या नावाने ती जगभर गेली. आपल्याकडे पुढे देशी बनावटीचे स्टोव्ह आले, त्यांतही तत्त्व तेच राहिले. पंपाने टाकीत हवा भरली की ती रॉकेलवर दाब देते. रॉकेल मधल्या नळीतून वर बर्नरमध्ये चढते. बर्नर आधीच तापलेला असेल, तर तेथे त्याची वाफ होते, ती निपलच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीने जळते. वातीच्या स्टोव्हमध्ये ज्योत रॉकेल शोषलेल्या वातीवर असते. येथे जळते ती वाफ, आणि टाकीत दाबाखाली असलेले रॉकेल त्या ज्योतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते. सगळी काळजी या एका गोष्टीसाठी घ्यायची आहे.

म्हणून सुरुवात टाकीपासून करावी. जुने रॉकेल ओतून द्यावे आणि गरम पाणी व साबणाने टाकी आतून धुऊन घ्यावी. मग उन्हात, भिंगाखाली, तीन जागा नीट पाहाव्यात. पहिली जागा तळाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे जुळतात तो सांधा. दुसरी जागा नावाचा छाप उठवलेला भाग, कारण तेथे पत्रा ठोकताना ताणला गेलेला असतो. तिसरी जागा मधली नळी टाकीला जोडली आहे तेथील डाख. स्टोव्ह कधी फार तापला असेल, तर हा डाख मऊ होऊन सैल पडलेला असतो. पोचा आला आहे म्हणून टाकी बाद होत नाही. पोचा काढण्याच्या नादात मात्र टाकी बाद होते, कारण जुने पितळ ठोकल्याने चिरते. पोचा तसाच राहू द्यावा असे मी स्पष्ट सांगतो.

केसासारख्या बारीक चिरा असतील, तर तेथेच थांबावे. दाबून घडवलेल्या पितळाच्या पत्र्यात ताण शिल्लक राहिलेला असतो, आणि त्याला दमट हवेत अमोनियाची बाधा झाली की बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या वस्तूला आपोआप चिरा जातात. हे कोडे आपल्याच देशात पडले होते. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात पागांमध्ये साठवली की तडकत, आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण असल्याचा उलगडा 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माहिती येथे देण्याचे कारण असे की, गावाकडचे स्टोव्ह पुष्कळदा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत पडून राहिलेले असतात. असा स्टोव्ह आला की मी त्याच्याकडे जास्तच संशयाने पाहतो. काचा पुसण्याच्या काही द्रवांत आणि धातू उजळण्याच्या काही मलमांतही अमोनिया असतो, त्यामुळे ती या टाकीला लावू नयेत. चिरलेल्या टाकीवर डाख ओढून ती पुन्हा दाबाखाली वापरणे मला मान्य नाही. नळीच्या बुडाचा सैल डाख जाणकाराकडून पुन्हा करून घेता येतो, परंतु पत्र्यातली चीर डाखाखाली झाकली जाते, थांबत नाही.

डोळ्यांना टाकी ठीक वाटली, की दुसरी परीक्षा पाण्याची. पण तिच्यासाठी पंप चालू हवा, म्हणून आधी पंपाकडे वळू. हाताला जोर लागत नाही याचा अर्थ दांड्याच्या टोकाचा चामडी वायसर वाळून आकसला आहे. ही बहुधा सर्व दोषांतील सर्वांत स्वस्त दुरुस्ती असते. पंपाची टोपी फिरवून दांडा बाहेर काढावा. चामडे फाटलेले नसेल, तर ते शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी बोटांनी कडा बाहेर पसरवून वाटीचा आकार परत आणावा. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये. ते काही महिन्यांत चिकट होते आणि दांडा जड चालू लागतो. बसवताना वाटीचे तोंड टाकीच्या आतल्या बाजूला असले पाहिजे. उलटी बसलेली वाटी हवा दाबण्याऐवजी मागे सोडते, आणि नवा वायसर घालूनही पंप चालत नाही अशी तक्रार आली की मी प्रथम हेच पाहतो.

पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा वॉल्व्ह असतो. तो हवेला आत जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. त्यात एक स्प्रिंग आणि बुच किंवा रबराचा छोटा तुकडा असतो, आणि इतक्या वर्षांत तो तुकडा दगडासारखा कडक झालेला असणार असे गृहीत धरावे. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर येऊ लागला किंवा पंपाच्या नळीत रॉकेल दिसले, तर दोष याच वॉल्व्हचा आहे. तो काढण्यासाठी खाच पाडलेला लांब पान्हा लागतो. तो नसताना स्क्रूड्रायव्हरने जबरदस्ती केली की वॉल्व्हचे कान तुटतात, आणि मग तो बाहेर काढणे फारच अवघड होते. गंज सोडवणारे तेल नळीत थेंबभर सोडून दोन दिवस वाट पाहावी, नंतर टाकीला बाहेरून गरम पाण्याचा शेक द्यावा आणि योग्य पान्ह्याने सावकाश फिरवावे. नवीन तुकडा नायट्राइल रबराचाच घालावा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ते रबर रॉकेलमध्ये फुगते आणि थोड्याच दिवसांत वॉल्व्ह अडकतो. रॉकेल भरण्याच्या तोंडावरील टोपीच्या वायसरलाही हाच नियम लागू आहे.

आता पाण्याची परीक्षा. टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत पाण्याने भरावी, निपलच्या जागी छिद्र डाखाने बुजवलेला जुना निपल घट्ट बसवावा, हवेची चावी (टाकीतला दाब सोडण्याचा छोटा स्क्रू) बंद करावी आणि टाकी बाहेरून कोरडी पुसून तिच्यावर खडूची पूड चोळावी. नंतर चारपाचच पंप, तेही सावकाश मारावेत. हवेला जागा थोडी असल्यामुळे दाब लवकर वाढतो. कोठे ओल फुटली तर खडूवर तेथे गडद रेघ उमटते. पाणी यासाठी, की दाबलेली हवा बरीच ऊर्जा साठवते आणि पाणी जवळजवळ नाही. टाकी फुटायचीच असेल तर ती पाणी भरलेली असताना फुटावी, त्याने फारसे काही बिघडत नाही. तासाभराने चावी उघडावी. तेव्हा हवा जोराने फुसकन बाहेर आली, तर दाब टिकला असे समजावे. आवाजच आला नाही, तर टोपी, चावी आणि पंप यांपैकी कोठून हवा जाते ते पाहण्यासाठी टाकी अर्धी रिकामी करून, दोनतीन पंप मारून, बादलीत बुडवावी आणि बुडबुडे शोधावेत. या परीक्षेनंतर टाकी उन्हात पूर्ण वाळवून थोड्या रॉकेलने खळाळून घ्यावी, कारण आत राहिलेले पाणी पुढे निपलपाशी येऊन ज्योत फडफडवते.

पिवळ्या ज्योतीचे कारण बर्नरमध्ये किंवा पेटवण्याच्या पद्धतीत असते. दोन्हींत मिळून असण्याचीही शक्यता आहे, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यातले नेमके कोणते ते मी सांगू शकत नाही. बर्नर पुरेसा तापला नसेल, तर वाफेऐवजी पातळ रॉकेल बाहेर येते आणि भडका उडतो. बर्नर तापूनही ज्योत पिवळीच राहिली, तर आतील मार्गांत काजळी साठली आहे, किंवा निपलचे छिद्र वर्षानुवर्षे पिन मारून मोठे झाले आहे, किंवा निपल आट्यांत सैल असून वाफ बाजूने निसटते आहे. निपल नवा घालणे हाच त्यावर शहाणपणाचा उपाय आहे. वस्तू छोटी आणि स्वस्त असते. तो मूळ निपलच्याच मापाचा घ्यावा आणि पिनही त्याच मापाची वापरावी.

बर्नर नळीवरून सोडवताना टाकी हाताने न धरता नळीच्या बुडाशी असलेला षटकोनी भाग पान्ह्याने धरावा, नाहीतर पीळ थेट डाखावर जातो. सोडवलेला बर्नर कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवावा. रात्रभर ठेवू नये; आम्ल पितळातील जस्त ओढून घेते आणि धातू गुलाबी व भुसभुशीत होतो. आतल्या नळ्यांतील काजळी काढण्यासाठी सायकलच्या ब्रेकच्या तारेचा वीतभर तुकडा घ्यावा आणि टोकाचे धागे थोडे विस्कटून तो आत फिरवावा. बाजारातला कोणताही ब्रश इतक्या अरुंद वळणातून जात नाही, ही तार जाते. बर्नर लालभडक तापवून पाण्यात बुडवण्याची जुनी रीत आहे. त्याने काजळी सुटते हे खरे, परंतु बर्नरच्या जोडांचे काय होईल ते जोड कोणी आणि कसे केले यावर अवलंबून असते, म्हणून घरी प्रथमच हे काम करणाऱ्याला मी ती रीत सुचवत नाही. बर्नर परत बसवताना खालची शिशाची चकती नवी घालावी. जुना काकडा (स्पिरिटात भिजवून बर्नर तापवण्यासाठी लावायचा चिमटा) हाताशी आला असेल, तर त्याला गुंडाळलेली पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नये, ओली करून पिशवीत बंद करावी आणि टाकून द्यावी.

सुट्या भागांसाठी आपण सांगलीच्या आसपास असाल, तर आठवडी बाजारात कंदील आणि सायकलची कामे करणाऱ्यांकडे प्रथम विचारा. पुण्यात बोहरी आळीतील हार्डवेअरची जुनी दुकाने आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार येथे निपल, पिना आणि वायसर अजून सापडतात, मात्र आपला जुना भाग खिशात घेऊनच जावे. आटे देशी, स्वीडिश आणि इंग्लिश बनावटीत जुळतीलच असे नाही, आणि दुकानदाराने 'बसेल' म्हटलेला निपल हाताने दोन फेरे सहज फिरला नाही तर तो घेऊ नये. नळीच्या डाखाचे काम कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या ठिकाणी जाणकार कारागीर करू शकतात, पण हा दाबाचा स्टोव्ह आहे हे त्यांना आधी सांगावे.

पितळ उजळणे आता. तोपर्यंत सारे भाग सुटे आहेतच, तेव्हा चिंच आणि मीठ किंवा पितांबरीसारखी पावडर लावून मऊ फडक्याने घासावे, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि कोरडे करावे. मिठाचा अंश सांध्यात राहिला तर हिरवा गंज पुन्हा धरतो. यंत्राच्या चाकावर घासून आरशासारखी चकाकी आणून देणारे लोक आहेत. त्यात पत्रा पातळ होतो आणि छापलेली अक्षरे पुसट होतात, त्यामुळे मी ते टाळतो. अक्षरांना किंमत आहे: उदाहरणार्थ, प्राइमसच्या स्टोव्हवर 1911 पासून बनावटीच्या सालासाठी एक अक्षर ठोकलेले असे, आणि आजीचा स्टोव्ह नक्की कोणत्या काळातला, हे त्यावरून कळू शकते.

आता आईंच्या विरोधाबद्दल. एके काळी 'स्टोव्हचा भडका' ही वर्तमानपत्रांतील नेहमीची बातमी होती. त्यांतले काही अपघात खरोखर स्टोव्हचे होते आणि काहींमागे सासरचा छळ होता, हे आपल्या आईंच्या पिढीने जवळून पाहिले आहे. त्या भीतीला 'काही होत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. खऱ्या अपघातांची कारणे मात्र ठरावीक होती. रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलेले असणे, पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, ज्योत मंद वाटली म्हणून पंप मारतच राहणे, आणि जमिनीवर ठेवलेल्या स्टोव्हजवळ नायलॉनचा पदर जाणे. रॉकेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल ते तापमान भारतीय मानकाप्रमाणे किमान 35 अंश सेल्सिअस असावे लागते. पेट्रोलच्या बाबतीत ते शून्याच्याही पुष्कळ खाली असते. म्हणून इंधनाबद्दल तडजोड नको. रेशनचे निळे रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही. खुल्या बाजारातील पांढरे रॉकेल बंद डब्यातले घ्यावे. पेट्रोल किंवा थिनर यांचा थेंबही टाकीत जाऊ नये, आणि डिझेलने बर्नर पुन्हा काजळीने भरतो. वैशाखात हवाच चाळीस अंशांवर असते, तेव्हा रॉकेल भरताना आसपास विडीसुद्धा पेटती नसावी.

पहिल्यांदा पेटवताना स्टोव्ह अंगणात किंवा गच्चीवर, सपाट जागी ठेवावा, हाताशी ओले पोते आणि वाळूची बादली असावी. टाकी तीनचतुर्थांशाहून अधिक भरू नये. हवेची चावी उघडी ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट भरून पेटवावे. स्पिरिट संपत आले की चावी बंद करून दोन-तीन हलके पंप मारावेत. निळी ज्योत धरली तर मिनिटभर थांबून आणखी थोडे. पिवळा भडका आला तर लगेच चावी उघडावी, दाब जातो आणि ज्योत विझते. मग बर्नर थंड होऊ द्यावा आणि स्पिरिटने पुन्हा तापवावा. टाकी स्टोव्हच्या उष्णतेने स्वतःही तापते आणि दाब त्यामुळे आपोआप वाढतो, म्हणून पंपावर हात आवरता ठेवणे हे या स्टोव्हवरचे खरे कौशल्य आहे. अधूनमधून टाकीला उलटा हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, तर चावी उघडून स्टोव्ह बंद करावा.

फराळाचा घाणा मात्र मी याच्यावर काढू नये असे सांगेन, आणि हे टाकी उत्तम निघाली तरी सांगेन. तळणाची रुंद कढई ज्योतीची धग खाली टाकीवर परतवते, तळण तासन्तास चालते, आणि वर उकळते तेल असलेला स्टोव्ह घाईने बंद करण्याची वेळ आली तर हात कोठे घालायचा हा प्रश्न उरतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगणात त्याच्यावर लहान पातेल्यात चहा करावा. त्याला वीस मिनिटे पुरतात, आणि आईही थोड्या अंतरावर उभ्या राहून पाहू शकतील.

त्यानंतर तो पुन्हा ठेवून द्यायचा असेल, तर रॉकेल पूर्ण काढून घ्यावे, चावी आणि टोपी सैल ठेवावी म्हणजे वायसर दबून राहत नाहीत, आणि पंपाच्या चामड्याला तेलाचा थेंब द्यावा. टाकी परीक्षेत नापास झाली आणि स्टोव्ह केवळ शोभेसाठी ठेवायचा ठरला, तर पंपाच्या तळाचा वॉल्व्ह आणि निपल काढून वेगळे ठेवावेत, म्हणजे पुढे घरातील कोणी हौसेने तो पेटवू शकणार नाही.

तळाच्या सांध्याचा आणि नळीच्या बुडाचा उन्हात काढलेला जवळचा फोटो, तसेच पंपाच्या नळीत टॉर्च मारून वॉल्व्हचे कान शाबूत दिसतात की नाही, एवढे कळवावे. टाकीवर पैसे घालावेत की नाही, याचा अंदाज मी त्यावरून देऊ शकेन.